डोंगरात राहणाऱ्यांची ताकद कशी मोजावी?

बुद्धिबळातला घोडा श्रेष्ठ की उंट, हा वाद तुम्ही कधी ना कधी घातला असेल. एक जण म्हणतो, घोडा मधल्या सोंगट्यांवरून उडी मारतो, म्हणून तो श्रेष्ठ. दुसरा म्हणतो, उंट एका दमात पटाच्या या टोकापासून त्या टोकाला जातो, म्हणून तो मोठा. वाद काही मिटत नाही. का मिटत नाही? कारण दोघेही फक्त मिळकत सांगतात. घोड्याला दूर जायला किती चाली खर्चाव्या लागतात, आणि उंटाला अर्ध्या पटावर कधीच पाय ठेवता येत नाही, हे कोणी बोलत नाही. मिळकत आणि खर्च शेजारी शेजारी मांडल्याशिवाय कोणत्याही गुणाची किंमत ठरत नाही.

आज आपण असाच एक वाद घेऊ. तो आहे डोंगरात राहणाऱ्या एका राष्ट्राचा. सुरुवात संगणकावरच्या एका खेळापासून करू, मग गिरगावातल्या नळापाशी जाऊ, तिथून सह्याद्रीवर चढू आणि शेवटी दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यापाशी थांबू.

खेळातला नियम

'सिव्हिलायझेशन' नावाच्या डावपेचांच्या संगणक-खेळांची मालिका १९९१ साली सुरू झाली. खेळणारा एका राष्ट्राची सूत्रे हाती घेतो, नगरे वसवतो, शेती करतो, विद्या मिळवतो, वेळ आली तर लढतो. मालिकेतला सहावा खेळ २०१६ मध्ये आला. २०१९ मध्ये त्याला एक मोठी पुरवणी जोडली गेली आणि तिच्यातून इंका हे नवे राष्ट्र खेळात आले. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात पंधराव्या शतकात भरभराटीला आलेले हे राज्य. पाचाकुती हा त्याचा राजा खेळातही त्याचा प्रमुख आहे.

खेळाचा नकाशा षट्कोनी घरांचा असतो. मधमाश्यांचे पोळे डोळ्यांसमोर आणा. कोणतेही घर सपाट जमिनीचे, टेकडीचे, डोंगराचे किंवा पाण्याचे असते. नगरातला एक नागरिक एका घरावर कामाला लावायचा, की ते घर दर पाळीला काही माप अन्न आणि काही माप उत्पादन देते. प्रत्येक नागरिक दर पाळीला २ मापे अन्न खातो.

इतर राष्ट्रांना डोंगराच्या घरावर नागरिक बसवता येत नाही. तिथून अन्न नाही, उत्पादन नाही, आणि सुरुवातीच्या काळात सैन्यालाही ते ओलांडता येत नाही. इंका राष्ट्राला मात्र तीन सवलती आहेत. पहिली, त्याचे नागरिक डोंगरावर काम करू शकतात आणि तिथून २ मापे उत्पादन मिळते. दुसरी, टेकडीच्या घरावर त्याला पायऱ्यांची शेती करता येते. या शेतीने टेकडीच्या मूळच्या अन्नात १ मापाची भर पडते आणि शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे आणखी १ माप मिळते. शिवाय शेजारचा डोंगरही अशा प्रत्येक शेतामागे १ माप अन्न देऊ लागतो. तिसरी सवलत अशी, की डोंगराच्या पोटातून वाट काढून सैन्य आणि व्यापारी पलीकडे नेता येतात.

ऐकताच वाटते, काय हे बळ! जिथे दुसऱ्यांना काहीच मिळत नाही, तिथे याला सोन्याची खाणच मिळाली. पण थांबा. आधी तीन प्रश्न विचारू. तुलना कशाशी? किंमत किती? आणि अट कोणती?

हिशेब मांडून पाहू

डोंगरावर एक नागरिक बसवला. उत्पादन मिळाले २, अन्न मिळाले शून्य. पण तो माणूस २ मापे खाणारच. म्हणजे नुसता डोंगर हा नगराच्या कोठारावर २ मापांचा बोजा आहे. हे अन्न दुसरीकडून आणावे लागेल.

आता त्या डोंगराशेजारी दोन घरांवर पायऱ्यांची शेती करू. डोंगराला २ मापे अन्न मिळू लागले. उत्पादन २, अन्न २. आता तो आपल्या माणसाला आपण पोसतो. छान झाले. पण तुलना कशाशी करायची? कोणत्याही साध्या राष्ट्राने गवताळ टेकडीवर खाण काढली, तर खेळाच्या सुरुवातीच्या काळात तिच्यातून मिळते अन्न २ आणि उत्पादन २. अगदी तेवढेच! म्हणजे दोन शेतांची जोड मिळालेला इंकांचा डोंगर हा इतरांच्या एका साध्या टेकडीइतकाच आहे. तो 'शून्याच्या तुलनेत' मोठा दिसतो, 'टेकडीच्या तुलनेत' नाही.

मग या राष्ट्राची खरी ताकद कुठे आहे? गवताळ टेकडीवरच्या त्या पायऱ्यांच्या शेतात. टेकडीचे मूळचे अन्न २, शेतीचे १, आणि शेजारी तीन डोंगर असतील तर आणखी ३. एकूण ६. शेतावरचा माणूस २ खातो, उरतात ४. या चार मापांवर दोन माणसे कुठेही कामाला लावता येतात. म्हणजे बळ शिखरात नसून उताराच्या पायऱ्यांत आहे, आणि तेही शेजारी डोंगर असतील तरच. सपाट मुलखात हे राष्ट्र वसले, तर त्याच्या या गुणांची किंमत शून्याजवळ येते. म्हणूनच खेळ त्याला बहुधा डोंगराजवळ सुरुवात करून देतो.

हे झाले खेळाचे गणित. आता असा प्रश्न घेऊ, की खऱ्या डोंगरालाही असाच हिशेब लागू पडतो का?

उंची म्हणजे साठवलेली ऊर्जा

गिरगावात किंवा काळबादेवीत राहणाऱ्या मुलांना एक डोंगर रोज सकाळी उपयोगी पडतो. तो म्हणजे मलबार टेकडी. तिच्या माथ्यावरच्या फिरोजशहा मेहता उद्यानाखाली, म्हणजे आपल्या 'हँगिंग गार्डन'खाली, पाण्याचा मोठा जलाशय आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा जलाशय आजही दक्षिण मुंबईला पाणी पुरवतो. पाणी उंचावर आहे, म्हणून ते उताराने धावते. दर १० मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. जलाशय तुमच्या नळापेक्षा ४० मीटर उंच असेल, तर नळाशी जवळजवळ चार वातावरणांचा दाब मिळायला हवा. नळांतल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात तो कमी होतो, ही गोष्ट वेगळी.

उंचावरच्या वस्तूत असणाऱ्या या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा म्हणतात. तिचे सूत्र सोपे आहे: वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची. लालबाग-परळच्या चाळीत तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सुमारे १० मीटर, १५ लिटरची बादली नेली तर पाण्याला मिळालेली ऊर्जा १५ × ९.८ × १० = १४७० ज्यूल. ही ऊर्जा फुकट आलेली नाही. तुमच्या आईने किंवा ताईने ती आपल्या स्नायूंतून दिली आहे. उंचावरच्या प्रत्येक लिटराला ती उंची कोणीतरी दिलेली असते, एक तर माणसाने, नाहीतर पंपाने, नाहीतर सूर्याने. सूर्याने कशी? समुद्राच्या पाण्याची वाफ करून आणि तिचा पाऊस डोंगरावर पाडून!

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

गडावर धान्य जड की पाणी?

आता रायगड घेऊ. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८२० मीटर. १६७४ मध्ये शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला. पायथ्यापासूनची चढण आपण हिशेबासाठी ४०० मीटर धरू.

समजा, ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस २० किलोग्रॅमचे ओझे घेऊन चढतो. एकूण ८० किलोग्रॅम. कार्य झाले ८० × ९.८ × ४०० = ३,१३,६०० ज्यूल, म्हणजे सुमारे ७५ किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कार्यात बदलतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून एका खेपेला अन्नातून सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च होतात.

एक क्विंटल तांदूळ वर न्यायला अशा पाच खेपा लागतील. खर्च १५०० किलोकॅलरी. आणि एक क्विंटल तांदळात ऊर्जा किती? सुमारे ३,५०,००० किलोकॅलरी! म्हणजे धान्य वर चढवायला त्याच्याच ऊर्जेचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग लागतो. उतरण्याचा आणि विश्रांतीच्या वेळेचा खर्च धरून तो तिप्पट झाला, तरी फारसे बिघडत नाही. धान्याच्या दृष्टीने डोंगर मुळीच महाग नाही.

आता पाणी. गडावर १००० माणसे आहेत आणि दरडोई दिवसाला फक्त ५ लिटर पाणी धरले, तर रोज ५००० लिटर हवे. वीस-वीस लिटरच्या २५० खेपा! एक माणूस दिवसात तीन खेपा करतो असे मानले, तर ८४ माणसे फक्त पाण्यावरच खपतील. धान्याचे माणशी ७०० ग्रॅम धरले तर रोज ३५ खेपा पुरतात. आणि गडाला वेढा पडला की या खेपा पूर्ण बंद. धान्य आधी भरून ठेवता येईल, पाण्याचे काय?

इथे आपले लक्षात ठेवलेले वाक्य कामाला येते. पाणी वर नेण्याचे काम सूर्याने आधीच केले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस भरपूर पडतो. आपण बेताने २००० मिलिमीटर धरू. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर खडकाळ माथ्यावर पडते २ कोटी लिटर. आठ कोरड्या महिन्यांची, म्हणजे २४० दिवसांची गरज किती? २४० × ५००० = १२ लाख लिटर. पडणाऱ्या पावसाच्या फक्त ६ टक्के!

तेव्हा गडाची अडचण पाऊस ही नव्हती. अडचण होती पाणी साठवण्याची. १२ लाख लिटर म्हणजे १२०० घनमीटर. २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तलावात ते मावते. पण उघड्या तलावातून उन्हाळ्यापर्यंत बाष्पीभवन होत राहते. रोज ५ मिलिमीटर धरले तरी २४० दिवसांत १.२ मीटर पाणी उडून जाईल. तीन मीटरांपैकी १.२, म्हणजे ४० टक्के. म्हणून तलाव अधिक खोल तरी हवा, नाहीतर झाकलेला हवा. आपल्या गडांवर हे दोन्ही उपाय दिसतात. रायगडावर गंगासागर तलाव आहे. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत. अनेक गडांवर खडकाच्या पोटात, मध्ये खांब ठेवून कोरलेली खांबटाकी आहेत. त्यांच्यावर ऊन पडत नाही, वारा फारसा फिरत नाही, म्हणून पाणी टिकते.

आता खेळाकडे वळून पाहा. इंकांचा डोंगर शेजारच्या शेताविना स्वतःला पोसू शकत नव्हता; आपला गडही टाक्याविना एक उन्हाळा काढू शकत नाही. शिखर दोन्हीकडे तेच, पण बळ येते ते माणसाने घडवलेल्या जोडीतून. इथे खेळाने निसर्ग बराच बरोबर पकडला आहे.

गोफणीचा दगड आणि पुरंदरचा धडा

इंकांच्या खेळातल्या सैन्यात वाराकाक नावाचा एक खास सैनिक आहे. अँडीजमध्ये गोफणीला जे नाव आहे, त्यावरून हे नाव आले आहे. आपल्याकडे शेतकरी पाखरे उडवायला वापरतो तीच गोफण. उंचावरून दगड फेकणाऱ्याला किती फायदा मिळतो?

समजा, दगडाचा वेग सेकंदाला २० मीटर आहे. हवेचा विरोध सोडून देऊ. खालून सरळ वर फेकलेला दगड सुमारे २०.४ मीटर चढतो आणि परत फिरतो. तट ४५ मीटर उंचीवर असेल, तर तो अर्ध्यावरही पोचत नाही. तोच दगड तटावरून क्षितिजसमांतर फेकला तर तो सुमारे ३ सेकंदांनी, ६० मीटर दूर, जमिनीवर पडतो; आणि पडताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ३६ मीटर झालेला असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे मारा तिपटीहून अधिक. हात तेवढ्याच ताकदीचे, पण एकाचा दगड पोचतच नाही आणि दुसऱ्याचा तिप्पट जोराने पोचतो.

पण लक्ष द्या. सूत्रात जी उंची येते ती समुद्रसपाटीपासूनची नव्हे. ती दोघांच्या उंचीतला फरक असते. पुरंदर किल्ला समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांहून उंच आहे. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांच्या मोगल सैन्याने त्याला वेढा घातला, तेव्हा त्यांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला. एका खिंडीपलीकडे असलेला हा जोडकिल्ला हाती येताच, तिथे तोफा चढवून पुरंदरवर मारा करता आला. पुरंदर एक मीटरही खचला नव्हता. शत्रू त्याच्या जवळपास बरोबरीच्या उंचीवर आला होता, एवढेच. फरक पुसला गेला आणि त्याबरोबर फायदाही. त्याच वर्षी पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. शिवाजीमहाराजांकडे १२ उरले.

भौतिकशास्त्रात आपण म्हणतो की स्थितिज ऊर्जेला अर्थ असतो तो एखाद्या संदर्भ-पातळीच्या तुलनेत. पुरंदरने तेच युद्धाच्या भाषेत सांगितले. 'आम्ही उंच आहोत' हे अर्धे वाक्य आहे. 'कोणापेक्षा?' हे विचारल्यावरच ते पुरे होते.

डोंगरातून वाट

खेळातल्या इंकांची तिसरी सवलत डोंगरातून काढलेल्या वाटेची. तिला 'कापाक न्यान' हे इंकांच्या खऱ्या रस्त्यांचे नाव दिले आहे. या खऱ्या रस्त्यांचे जाळे ३०,००० किलोमीटरांहून लांब होते आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खेळात सैन्य एका तोंडातून आत शिरते आणि थोड्याशा चाली खर्चून दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. चढ किती, ओझे किती, याचा प्रश्नच नाही. असे खरोखर होते का?

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, हे तुम्ही पाहिले असेल. भोर घाटातला हा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. घाटाची चढण सुमारे ५६० मीटर आहे, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. समजा, गाडीचे वजन १००० टन आहे. सरळ वर उचलायला १००० टनांइतके बल लागले असते. ३७ ला १ या चढावर ते सुमारे २७ टनांवर येते. बल वाचले, पण अंतर वाढले. ५६० मीटर चढायला निदान ५६० × ३७, म्हणजे सुमारे २०.७ किलोमीटर मार्ग हवाच. आणि एकूण कार्य? ते कमी होत नाही. १०,००,००० × ९.८ × ५६० = सुमारे ५.५ अब्ज ज्यूल, म्हणजे साधारण १५२५ युनिट वीज. महिन्याला १५० युनिट जाळणाऱ्या घराला ती दहा महिने पुरेल.

बोगदे खणा, वळणे घ्या, इंजिने जोडा. निसर्ग आपले येणे सोडत नाही. खेळाने इथे मात्र ते येणे जवळजवळ माफ करून टाकले आहे.

आणखी एक गंमत पाहा. इंकांच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी दगडी पायऱ्या होत्या. त्यांच्याकडे चाकाच्या गाड्या नव्हत्या. माणसे पायी चालत आणि लामा हा प्राणी ओझी वाहत असे. पायांना पायऱ्या सोईच्या, चाकाला अडचणीच्या. म्हणजे वाट चांगली की वाईट, हेही तिच्यावरून कोण जाणार यावर ठरते.

खेळाने गाळलेली गोष्ट: हवा

खेळात डोंगर म्हणजे डोंगर, सगळे सारखे. प्रत्यक्षात इंकांची राजधानी कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असतो आणि पाणी सुमारे ८९ अंश सेल्सिअसला उकळते. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. तिथे दाब सुमारे ८३ टक्के असतो. सह्याद्रीवर दम लागतो तो चढामुळे. कुस्कोला नवख्या माणसाला नुसते चालतानाही लागू शकतो. एकच शब्द, पण भौतिक परिस्थिती दोन.

कडाक्याच्या थंडीचाही तिथल्या लोकांनी उपयोग करून घेतला. रात्री बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात ठेवून पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे. असे वाळवलेले बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. त्यांना 'चुन्यो' म्हणतात. पायऱ्यांच्या शेतांना त्यांनी दगडी भिंती घातल्या. दिवसा तापलेले दगड रात्री हळूहळू उष्णता सोडतात आणि पिकाला हिमापासून थोडे संरक्षण मिळते.

मग निकाल काय?

आता निकाल देता येईल. डोंगर, टेकड्या आणि शेतीला धीर, ही तिन्ही जुळली तर खेळातले इंका राष्ट्र फार बलवान आहे; त्याची नगरे भराभर वाढतात. यांपैकी एक जरी नसेल तरी ते साधारण आहे. त्याचे बळ पोटापाण्याचे आहे, तलवारीचे कमी. आणि नुसत्या शिखराला जी किंमत लोक देतात, ती त्याची नाहीच.

पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. खेळात हे गुण राष्ट्राला जन्मतःच चिकटलेले असतात. त्यामुळे खेळणाऱ्या मुलांच्या मनात एक समज हळूच शिरतो, की अमुक लोक उपजत शूर, तमुक उपजत कष्टाळू. हजारो वर्षे विरळ हवेत राहिलेल्या समाजांच्या शरीरात काही फरक पडतात, हे खरे. पण पायऱ्या बांधणे, टाके कोरणे, घाटाची वाट आखणे, बटाटे वाळवणे या गोष्टी रक्तात नसतात. त्या कोणीतरी शोधून काढल्या, कोणीतरी शिकवल्या, आणि पुष्कळांनी घाम गाळून उभ्या केल्या. डोंगरावर काम करण्याच्या इंकांच्या गुणाला खेळाने 'मिता' हे नाव दिले आहे. खऱ्या इतिहासात मिता म्हणजे कुटुंबांनी राज्यासाठी पाळीपाळीने करायचे सक्तीचे श्रम. खेळ म्हणतो, डोंगर उत्पादन देतो. इतिहास म्हणतो, देणारी माणसे होती.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, प्रतापगड आणि पन्हाळा आहेत. यापुढे यांपैकी कोणत्याही गडावर गेलात, तर बुरुजाइतकाच वेळ टाक्यापाशी काढा. ते कोरणाऱ्या पाथरवटांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. गड तरला तो त्यांच्या छिन्नीवरही.

करून पाहा

दिवाळीत गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतून मुले मातीचे किल्ले करतात. या वर्षी किल्ल्यालाच प्रयोगशाळा बनवा.

किल्ल्याचे दोन उतार सारख्या उंचीचे आणि सारख्या मातीचे करा. एक साधा ठेवा, दुसऱ्याला चार-पाच पायऱ्या पाडा. दोन्हींवर एकेक चमचा अळीव पेरा. प्रत्येक उताराच्या पायथ्याशी एक ताट ठेवा. झारीने दोन्हींवर सावकाश एकेक लिटर पाणी घाला. ताटात जमलेले पाणी मापा आणि गाळ वाळवून त्याचे वजन करा. चार-पाच दिवसांनी कोणत्या उतारावर रोपे अधिक उगवली तेही मोजा. मग माथ्यावर दोन सारख्या वाट्या पुरून त्यांत सारखे पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरीवर मध्ये भोक असलेली पुठ्ठ्याची चकती ठेवा. रोज सकाळी पाण्याची खोली मापून लिहून ठेवा.

किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले की त्यांना मावळ्यांबरोबर ही वहीही दाखवा.

सोडवा

१. दादरमधील एका इमारतीच्या गच्चीवरील टाकी ३० मीटर उंचीवर आहे. ५००० लिटर पाणी वर चढवायला निदान किती युनिट वीज लागेल? (१ युनिट = ३६ लाख ज्यूल)

२. खेळातल्या इंकांच्या एका डोंगराशेजारी तीन पायऱ्यांची शेते आहेत. डोंगरावरच्या माणसाने खाल्ल्यावर किती अन्न उरेल?

३. खालून सरळ वर फेकलेला दगड ४५ मीटर उंच तटापर्यंत पोचायला त्याचा सुरुवातीचा वेग निदान किती हवा?

उत्तरे: (१) सुमारे ०.४१ युनिट, पंपातला अपव्यय धरल्यास याहून जास्त. (२) १ माप. (३) सेकंदाला सुमारे २९.७ मीटर.